आय पुन्हा पुन्हा मिटतेय? बोर्डाआधी केबलची टोकं तपासा

१० गिगाबिट प्रति सेकंदाची एनआरझेड (० आणि १ अशा दोनच पातळ्यांची) लिंक, बोर्डावरच्या एसएमए (आट्यांचा छोटा कनेक्टर) पोर्टपासून निघालेल्या दोन केबल आणि पुढे ऑसिलोस्कोप. सकाळी आय डायग्राम (एकावर एक रचलेल्या बिटांचं चित्र, त्यातली मधली मोकळी जागा म्हणजे आय) छान उघडा होता. दुपारी कुणीतरी बोर्डाजवळचा पंखा सरकवायला हात घातला, केबल जेमतेम बोटभर हलली आणि आयची उंची एक तृतीयांशाने खाली आली. केबल बदलली, आय पुन्हा उघडली, सगळ्यांनी हुश्श केलं. चौथ्या दिवशी नव्या केबलवरही तेच झालं.

नवी केबल लावूनही तेच घडलं म्हटल्यावर संशय साहजिकच बोर्डाकडे वळला. लेआउट उघडला, पॉवर सप्लायचा नॉइज मोजला, ट्रान्समीटरच्या इक्वलायझरच्या सेटिंग्ज एकेक करून फिरवल्या. आठवडा गेला. शेवटी बोर्डाचा पोर्ट भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं, की सॉकेटच्या चार पाकळ्यांपैकी एक आत दबली होती. शेजारच्या पोर्टचीही तीच गत, आणि ड्रॉवरमधल्या दोन अॅडॉप्टरचीही.

हे करणारा होता एक छोटा सेमी-रिजिड जंपर, म्हणजे धातूच्या नळीच्या आवरणाची आखूड केबल. या प्रकारच्या बऱ्याच जंपरमध्ये वेगळी पिन बसवलेली नसते. केबलची मधली तार तशीच पुढे काढून तिचं टोक घासतात आणि तीच पिन होते. आमच्या जंपरमध्ये ते टोक नीट निमुळतं केलेलं नव्हतं, कापलं तसंच सपाट आणि कडा धारदार. तो ज्या ज्या सॉकेटमध्ये गेला तिथे त्याने एखादी तरी पाकळी आत ढकलली. त्यानंतर त्या सॉकेटमध्ये चांगली केबल लावली तरी पिनला नीट पकड मिळेना. ताजी केबल घट्ट केली की पाकळी थोडे दिवस टेकून राहायची, जरा हलली की सुटायची. केबल बदलल्याने दुरुस्ती झाल्याचा भास म्हणूनच होत होता.

हा दोष परत परत का येतो ते इथे कळतं. कोअॅक्सियल कनेक्टरचा बिघाड लागट असतो. एक खराब पिन दहा सॉकेट खराब करते. झिजलेल्या आट्यांचा धातूचा चुरा पुढच्या जोडात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. त्यामुळे फक्त संशयित केबल बदलून काम भागत नाही. ती कुठे कुठे लागली होती, हेही शोधावं लागतं.

हलवल्यावर बदलतं का, हे सगळ्यात आधी

कुठलंही उपकरण उघडण्याआधी हा एक प्रश्न सोडवा. ऑसिलोस्कोपवर पर्सिस्टन्स अनंत करा (जुन्या रेषा पडद्यावर तशाच राहतात), कनेक्टरपासून पाचेक सेंटिमीटर मागे केबल धरा आणि अगदी हळू एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवा. खुद्द कनेक्टर धरून हलवू नका, त्याने चांगला जोडही बिघडतो. बिट एररची चाचणी चालू असेल तर वाकवतानाच एरर काउंटर पळतो का ते पाहा.

बदल झाला तर दोष यांत्रिक आहे: ढिला नट, दबलेली पाकळी, किंवा कनेक्टरच्या मागे पहिल्या दोनतीन सेंटिमीटरमध्ये तुटत आलेली बाहेरच्या कंडक्टरची जाळी. केबल तिथेच सगळ्यात जास्त वाकते, म्हणून जाळी तिथेच आधी जाते. बदल झाला नाही आणि आय कायमच खराब असेल, तर निवड चुकली आहे: केबल लांब आहे, कनेक्टर त्या वेगाचा नाही, किंवा कुठेतरी इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) जुळत नाही. आणि सकाळचं रिडिंग दुपारी जुळत नसेल पण केबल हलवून काही होत नसेल, तर तापमान पाहा. त्याबद्दल पुढे.

मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहून केबल पास करण्याची सवय मात्र सोडायला हवी. १ ओहमपेक्षा कमी रिडिंग देणारी केबल ५ गिगाहर्ट्झला पूर्ण निकामी असू शकते. मल्टिमीटर डीसी पाहतो. दबलेल्या पाकळीला पिन कुठेतरी टेकलेली असतेच, त्यामुळे बीप वाजतो.

एका ठिकाणी मात्र मल्टिमीटर नक्की उपयोगी पडतो. एकदा एका सेटअपवर डेटाच्या जागी प्रत्येक कडेला नुसत्या टोकदार सुया दिसत होत्या, मधली सपाट पातळी गायब. सगळे नट व्यवस्थित बसलेले. निघालं असं, की वायरलेस अँटेनासाठी असते ती रिव्हर्स पोलॅरिटी एसएमए केबल कुणीतरी आणून लावली होती. तिचे आटे नेहमीच्या एसएमएसारखेच, पण नटाच्या आत पिनऐवजी सॉकेट. सॉकेटसमोर सॉकेट आलं, मधल्या तारा एकमेकींना टेकल्याच नाहीत. वरच्या वारंवारतेचा भाग फटीतून कपॅसिटरसारखा झिरपत राहिला, म्हणून सिग्नल आहे असं वाटत होतं. डीसी ओपन मिळालं आणि एका मिनिटात उलगडा झाला. नट लावण्याआधी आत डोकावून पिन आहे ना हे बघणं हा त्यावरचा साधा उपाय.

टॉर्क

हाताने घट्ट केलेला नट म्हणजे अर्धवट जोड. आटे सिग्नल नेत नाहीत. बाहेरच्या कंडक्टरची दोन तोंडं एकमेकांवर दाबून बसली तरच परतीचा प्रवाह सरळ जातो. केसाएवढी फट राहिली की तो वळसा घालतो, आणि ती फट केबल हलली की कमीजास्त होते.

पितळी एसएमएला साधारण ०.५६ न्यूटन-मीटर, आणि स्टीलचे ३.५, २.९२, २.४ आणि १.८५ मिलिमीटरचे जोड असतील तर ०.९ न्यूटन-मीटर. १ मिलिमीटरच्या कनेक्टरला याच्या निम्मा, म्हणजे ०.४५. या आकड्यांचे टॉर्क पाने मिळतात, तेवढा जोर लागला की त्यांची मान वाकते. ०.९ चा पाना पितळी एसएमएवर वापरला तर आटे ताणले जातात, म्हणून दोन्ही पाने वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा. पाना मुठीच्या टोकाला धरायचा, आणि मान वाकायला लागली की त्याच क्षणी थांबायचं. पूर्ण मोडेपर्यंत दाबत राहिलं तर टॉर्क जास्तच लागतो.

यापेक्षाही मोठी चूक म्हणजे केबल किंवा कनेक्टरचं अंग फिरवणं. फिरवायचा तो फक्त नट. अंग दुसऱ्या साध्या पान्याने स्थिर धरायचं. अंग फिरलं की पिन सॉकेटच्या आत गरगर फिरते आणि दोघांवरचा मुलामा खरवडते. घाईत अॅडॉप्टर काढताना हे हमखास होतं, कारण नट आणि अॅडॉप्टर एकत्र फिरतात आणि नजरेतून सुटतं. मी नवीन माणसाला सेटअपला हात लावू देण्याआधी एवढी एक गोष्ट करून दाखवतो, मग त्याच्याकडून पाच वेळा करवून घेतो.

कोणता कनेक्टर कुठपर्यंत

नावातला मिलिमीटरचा आकडा म्हणजे बाहेरच्या कंडक्टरचा आतला व्यास. व्यास जितका लहान, तितका कनेक्टर वरच्या वारंवारतेपर्यंत चालतो. एसएमए साधारण १८ गिगाहर्ट्झपर्यंत, ३.५ मिलिमीटर २६.५ किंवा काही बनावटींत ३४ पर्यंत, २.९२ मिलिमीटर ४० पर्यंत, २.४ मिलिमीटर ५० पर्यंत, १.८५ मिलिमीटर ६७ च्या आसपास आणि १ मिलिमीटर ११० पर्यंत. साधा बीएनसी ४ गिगाहर्ट्झच्या आतबाहेर संपतो. ट्रिगर आणि संथ क्लॉकसाठी तो ठीक, डेटासाठी नाही.

एसएमए आणि ३.५ मिलिमीटर यांच्यात नेमका फरक काय, हे समजलं की बाकी सगळं लक्षात राहतं. एसएमएच्या आत टेफ्लॉन भरलेलं असतं, ३.५ मध्ये हवा. कोअॅक्सियल रचनेत एका ठरावीक वारंवारतेच्या वर सिग्नल एकाच सरळ पद्धतीने न जाता दुसऱ्या पद्धतीनेही पसरू लागतो, आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही. ही हद्द आतल्या आणि बाहेरच्या व्यासाच्या सरासरीवर आणि आतल्या पदार्थावर ठरते. ३.५ मिलिमीटरमध्ये आतला व्यास १.५२ आहे, सरासरी २.५१ मिलिमीटर. हिशेब केला तर हद्द ३८ गिगाहर्ट्झच्या आसपास येते. एसएमएचा आकार फार वेगळा नाही, पण टेफ्लॉनमुळे वेग ६९ टक्क्यांवर येतो आणि हद्द २४-२५ गिगाहर्ट्झवर घसरते. वापराची मर्यादा या हद्दीपासून बरंच अंतर राखून सांगितलेली असते.

आता यातलं आपल्याला काय हवं? १० गिगाबिट एनआरझेडची मूळ वारंवारता ५ गिगाहर्ट्झ, तिसरा हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वारंवारतेचा भाग) १५, पाचवा २५. ट्रान्समीटरची कडा चढायला लागणारा वेळ, म्हणजे राइज टाइम, २० पिकोसेकंदांचा असेल तर ०.३५ भागिले राइज टाइम या ठोकताळ्याने १७.५ गिगाहर्ट्झची बँडविड्थ लागते. एसएमए काठावर पास होतो. माझं मत असं, की ट्रान्समीटरच्या अगदी जवळ मोजत असाल तर पाचव्या हार्मोनिकपर्यंत जागा ठेवा आणि २.९२ घ्या. लांब बॅकप्लेनच्या (बाकीचे बोर्ड जोडणारा मोठा बोर्ड) पलीकडे मोजत असाल तर वरचे हार्मोनिक वाटेतच संपलेले असतात, तिथे महागड्या केबलने काही वाढीव दिसणार नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीत ३२ गिगाट्रान्सफर प्रति सेकंदाला मूळ वारंवारता १६ आणि तिसरा हार्मोनिक ४८ गिगाहर्ट्झ. तिथे २.४ मिलिमीटर ही किमान पायरी. सहाव्या पिढीत वेग ६४ झाला तरी पॅम-४ मुळे (दोनऐवजी चार पातळ्यांचा सिग्नल) मूळ वारंवारता १६ च राहते, मात्र एका आयच्या जागी तीन बारीक आय येतात आणि परावर्तनाची जी चूक आधी खपून जायची ती आता खपत नाही.

एसएमए, ३.५ आणि २.९२ हे तिघेही एकमेकांत बसतात. २.४ आणि १.८५ हे दोघे आपसांत बसतात, पण पहिल्या तिघांशी त्यांचं जमत नाही, आटेच वेगळे आहेत. बसतात म्हणून लावावेत असं नाही. एसएमएच्या पिनची मापं सैल असतात, आणि २.९२ च्या सॉकेटची भिंत पातळ. जुनी एसएमए केबल थेट उपकरणाच्या २.९२ पोर्टवर लावणं म्हणजे त्या पोर्टचं आयुष्य पणाला लावणं. प्रत्येक उपकरणाच्या पोर्टवर एक कनेक्टर सेव्हर (पोर्टऐवजी झीज सोसणारा छोटा जोड) कायमचा बसवून ठेवा. खराब व्हायचा तर तो होऊ दे, तो बदलता येतो.

नुसती कमजोर आय: लॉस आणि जुळणी

तारेच्या पृष्ठभागावरून प्रवाह वाहत असल्याने होणारा लॉस (सिग्नलची घट) वारंवारतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, डायइलेक्ट्रिकमधला (आतल्या विद्युतरोधक पदार्थातला) सरळ वारंवारतेप्रमाणे. आरजी-३१६ ही बारीक, हाताळायला मऊ केबल सगळ्यांच्या टेबलावर असते. १ गिगाहर्ट्झला ती मीटरमागे सुमारे १ डीबी खाते. ५ गिगाहर्ट्झला हा आकडा सव्वादोनच्या घरात जातो, आणि १५ ला निव्वळ वर्गमुळाच्या हिशेबानेही चारच्या जवळ, प्रत्यक्षात त्याहून वाईट. म्हणजे एका मीटरमध्ये तिसऱ्या हार्मोनिकचं व्होल्टेज ६३ टक्क्यांवर येतं आणि मूळचं ७७ वर. कडा गोल होतात, आय बाजूंनी मिटते. ३० सेंटिमीटरची केबल पुरत असेल तर मीटरची लावू नका, एवढ्यानेच कित्येक तक्रारी मिटतात.

जुळणीत दोन चुका नेहमी सापडतात. ७५ ओहमची बीएनसी केबल ५० ओहमच्या बीएनसीत सहज बसते आणि प्रत्येक टोकाला व्होल्टेजच्या २० टक्के परावर्तन करते. आणि ऑसिलोस्कोपचं इनपुट ५० ओहमऐवजी १ मेगओहमवर राहिलेलं असतं. सिग्नल दुप्पट मोठा दिसत असेल आणि त्यावर पायऱ्या असतील तर आधी हे सेटिंग बघा.

परावर्तन कुठून येतंय हे शोधायला टीडीआर (सिग्नल पाठवून परत येणारा भाग वेळेनुसार दाखवणारं उपकरण) सगळ्यात सरळ. पडद्यावरची वेळ जाण्यायेण्याची असते, म्हणून ती निम्मी करायची. टेफ्लॉनच्या केबलमध्ये मीटरला सुमारे ४.८ नॅनोसेकंद, म्हणजे मिलिमीटरला ४.८ पिकोसेकंद. सुरुवातीच्या कनेक्टरपासून ४०० पिकोसेकंदांवर उंचवटा दिसला तर दोष ४ सेंटिमीटर पुढे आहे. उंचवटा वर असेल तर इंपीडन्स वाढला आहे, बहुधा पिनेजवळ फट. खाली खड्डा असेल तर केबल दबली किंवा चेपली आहे, खुर्चीच्या चाकाखाली आलेली केबल असाच खड्डा दाखवते.

टीडीआर नसेल आणि व्हीएनए (प्रत्येक वारंवारतेला किती सिग्नल पुढे जातो आणि किती परततो ते मोजणारं उपकरण) असेल, तर एस२१ वरची, म्हणजे पलीकडे पोचलेल्या सिग्नलच्या आलेखावरची लाट मोजा. दोन खराब जोडांमध्ये सिग्नल मागेपुढे आपटत राहिला की आलेखावर समान अंतराच्या लाटा येतात. टेफ्लॉनमधला वेग लाटांच्या अंतराच्या दुपटीने भागला की त्या दोन जोडांमधली लांबी मिळते. लाटा १०४ मेगाहर्ट्झ अंतरावर असतील तर जोड १ मीटर दूर आहेत, म्हणजे केबलची दोन्ही टोकं. ५ गिगाहर्ट्झची रुंद लाट असेल तर जोड २ सेंटिमीटरवर आहेत, म्हणजे अॅडॉप्टर. कुठला भाग काढायचा हे एका भागाकारात कळतं.

डिफरन्शियल जोडी

डिफरन्शियल जोडीत एकच सिग्नल दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. १० गिगाबिटला एका बिटाचा अवधी १०० पिकोसेकंद, ३२ ला ३१.२५. दोन केबलमध्ये १ मिलिमीटरचा फरक असेल तर ४.८ पिकोसेकंद स्क्यू (दोन्ही बाजू पोचण्याच्या वेळेतला फरक), म्हणजे दुसऱ्या बाबतीत बिटाच्या १५ टक्के. वरती '१ मीटर' असं छापलेल्या दोन केबल मिलिमीटरच्या पातळीवर सारख्या असतात असं धरून चालू नका. जुळवलेली जोडी म्हणून मिळते तीच घ्या, एकत्र बांधून ठेवा, आणि एका पायावर काटकोनी अॅडॉप्टर लावला तर दुसऱ्यावरही तसाच लावा.

स्क्यू बोर्डाचा की केबलचा, यावर वाद होतात. ते मिटवण्याचा मार्ग असा: पोर्ट आणि स्कोपचे चॅनल जसे जोडलेले आहेत तसेच ठेवा, फक्त दोन केबल आपसांत बदला आणि पुन्हा मोजा. आधी ९ पिकोसेकंद आणि नंतर १ आला, तर दोन्हींची सरासरी ५ हा बोर्ड आणि स्कोपचा वाटा, आणि फरकाचं निम्मं ४ हा केबलचा. यात अंदाजाला जागाच राहत नाही.

स्क्यू वेळेनुसार सरकत असेल तर तापमान. टेफ्लॉनची अंतर्गत रचना १९ अंश सेल्सियसच्या आसपास बदलते आणि त्या टप्प्यात केबलचा विलंब एकदम सरकतो. वातानुकूलित खोलीचं तापमान नेमकं याच भागात फिरत असतं. उपकरणं अर्धा तास तापू द्या, खोली स्थिर होऊ द्या, मगच डीस्क्यू (स्क्यूची भरपाई) करा. विरळ टेफ्लॉनच्या केबलमध्ये हा त्रास कमी असतो.

डी-एम्बेडिंगबद्दल एकच सांगतो. केबलचा लॉस हिशेबातून वजा करणं योग्यच आहे, पण केबल हलल्यावर बदलत असेल तर तुम्ही कालची केबल आजच्या मोजमापातून वजा करताय. आधी जोड पक्का करा.

आमच्या टेबलावर शेवटी काय केलं

टेबलावरचं प्रत्येक टोक, केबल, अॅडॉप्टर, पोर्ट, दहापट भिंगाखाली पाहिलं. जिथे चुरा होता तिथे कोरडी हवा मारली आणि तंतू न सुटणाऱ्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आटे आणि तोंडं पुसली. मधल्या पिनेला आडवा दाब दिला नाही, आणि वाळल्याशिवाय काही जोडलं नाही. पिनेची खोली गेजने मोजली. तीन केबलची पिन जास्त पुढे आलेली निघाली, त्या वेगळ्या काढल्या. दोन अॅडॉप्टर बाद झाले आणि बोर्डावरचे दोन्ही पोर्ट बदलले.

बाद केलेली केबल पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊ द्यायची नाही, हे मी आता कटाक्षाने पाळतो. 'खराब' अशी चिठ्ठी लावून भागत नाही. चिठ्ठी गळून पडते, आणि सहा महिन्यांनी घाईच्या दिवशी तीच केबल कुणाच्या तरी हाताला लागते. म्हणून त्या सेमी-रिजिड जंपरची दोन्ही टोकं पक्कडीने कापली, तीन केबलचीही कापली. उरलेल्या प्रत्येक केबलला क्रमांक दिला आणि तिच्या एस-पॅरामीटरची (व्हीएनएवरच्या मोजमापाची) फाइल त्या क्रमांकाने साठवली. आता महिन्यातून एकदा तीच केबल पुन्हा मोजून जुन्या आलेखावर नवा आलेख ठेवतो. मागच्या खेपेला सात नंबरच्या केबलचा रिटर्न लॉस (जितका जास्त, तितकं परावर्तन कमी) १२ गिगाहर्ट्झजवळ २२ डीबीवरून १५ वर आलेला दिसला. आयवर अजून काहीच फरक नव्हता. कनेक्टरच्या मागे बोट फिरवलं तर जाळी मऊ लागत होती. त्याच दिवशी तिची टोकं कापली.